अधिकच्या चिन्हाने विणलेले टॉवेल

सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या मामांचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. दहा-बारा यंत्रमाग, मागच्या बाजूला गोदाम आणि रस्त्याकडे तोंड करून किरकोळ विक्रीचे दुकान, एवढाच त्याचा पसारा. काही वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत साठ्याच्या नोंदी ठेवणारा एक प्रोग्राम लिहिला आणि तो सुरू होऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच दिवाणजींचा फोन आला. "भाचेसाहेब, आज सुट्टी, सगळे माग बंद. मग गोदामात साठ डझन माल वाढला कसा? विणला कोणी?"

माल विणला होता माझ्या अधिकच्या चिन्हाने. प्रोग्राममध्ये 'साठा' नावाचा एक क्लास, म्हणजे मी स्वतः तयार केलेला माहितीचा प्रकार, होता आणि 'गोदाम + दुकान' असे लिहिताच दोन्हींचा एकत्र साठा मिळावा, म्हणून मी त्या क्लाससाठी + या चिन्हाला नवा अर्थ दिला होता. यालाच ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात: भाषेत मुळात आकड्यांसाठी असलेले चिन्ह आपण तयार केलेल्या प्रकारासाठी काय करील, हे आपणच ठरवायचे. मी मात्र बेरीज करताना नवा साठा तयार करण्याऐवजी उजवीकडच्या साठ्यातले नग डावीकडच्या साठ्यात ओतले आणि तोच डावीकडचा साठा उत्तर म्हणून परत दिला. गोदामात पांढरे टॉवेल ४० डझन होते आणि दुकानात १५ डझन. दिवाणजींनी एकूण साठ्याचा अहवाल पहिल्यांदा उघडला, तेव्हा ५५ हे उत्तर अगदी बरोबर आले, आणि म्हणूनच माझ्या चाचणीत ही चूक सापडली नव्हती. दुसऱ्यांदा उघडल्यावर ७०, तिसऱ्यांदा ८५, चौथ्यांदा १०० असे आकडे आले, आणि प्रोग्राम बंद होताना गोदामाचा तो फुगलेला साठा इमानेइतबारे फायलीत जतनही झाला.

दिवाणजी त्यांच्या वहीत बेरीज रेघेखाली मांडतात आणि रेघेवरचे आकडे जसेच्या तसे राहतात. + हे चिन्ह पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा संकेत शाळेपासून पक्का बसलेला असतो. मी चिन्ह घेतले, पण त्याच्याबरोबर येणारा हा संकेत घेतला नाही, आणि माझ्या मते ऑपरेटर ओव्हरलोडिंगमधले बहुतेक खड्डे याच जागी पडतात. 'गोदामात_जमा_करा' अशा नावाचे फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, वाचणारा मनुष्य क्षणभर थांबतो आणि आत काय होते ते पाहतो. + दिसल्यावर कोणी थांबत नाही. बेरजेने मूळ संख्या बदलू नयेत ही अट आपला कोड यंत्राकडून चालवून घेणारा कम्पायलर किंवा इंटरप्रिटर तपासत नाही, त्याला फक्त चिन्हामागे एक फंक्शन आहे एवढेच दिसते. डावीकडची वस्तू बदलायचीच असेल तर त्यासाठी पायथनमध्ये += हे वेगळे चिन्ह आहे, पण तेही सरळ नाही: यादीवर ते वापरले तर मूळ यादीच बदलते आणि तीच यादी दुसऱ्या नावानेही धरलेली असेल तर तिथेही बदल दिसतो, तर संख्येवर वापरले की नवी संख्या तयार होते.

असे अनुभव गाठीशी असलेल्यांनी हे चिन्हांचे प्रकरण भाषेतूनच काढून टाकावे असे म्हटले, तर त्यात नवल नाही. सी प्लस प्लस या भाषेत लोकांनी या सोयीचा केलेला दुरुपयोग पाहून जावा भाषेचे जनक जेम्स गॉस्लिंग यांनी १९९५ साली आलेल्या आपल्या भाषेत ती प्रोग्रामरच्या हाती दिलीच नाही. गंमत अशी की जावाने स्वतःसाठी मात्र एक अपवाद ठेवला: मजकूर जोडण्यासाठी +. त्यामुळे "एकूण: " + ५ + ३ असे लिहिले की पडद्यावर "एकूण: ५३" उमटते, कारण चिन्हे डावीकडून उजवीकडे सोडवली जातात आणि मजकुराला ५ चिकटल्यावर पुढचा ३ देखील मजकूरच होतो. बंदी घालणाऱ्या भाषेतला नवशिक्यांचा हा नेहमीचा घोटाळा नेमका त्या एका अपवादातूनच येतो.

आणि बंदीचीही किंमत मोजावी लागते. जावात पैशांसाठी अचूक दशांश संख्या वापरायच्या म्हटल्या की मूळ रकमेत कर मिळवून त्यातून सूट वजा करण्यासारखा साधा हिशेबही एकात एक अडकलेल्या फंक्शनांची माळ होऊन बसतो, आणि बिलातली चूक अशा माळेत शोधणे हे सुताच्या गुंत्यातून एकच धागा ओढण्यासारखे आहे. म्हणून मी चिन्हांच्या विरोधात नाही. रक्कम, वजन, लांबी, मॅट्रिक्स यांच्या बाबतीत चिन्हे नसतील तर वाचणाऱ्याचे हालच होतात.

चिन्हाचा अर्थ बदलता येतो, पण प्राधान्यक्रम, म्हणजे कोणते चिन्ह आधी सोडवायचे हा क्रम, बदलता येत नाही, ही गोष्ट लोक हमखास विसरतात. सी प्लस प्लसमध्ये ^ या चिन्हाला घाताचा अर्थ देण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु तिथे ते चिन्ह गुणाकाराच्या बरेच खाली आहे. त्यामुळे २ * ३ ^ २ याचे उत्तर अपेक्षित १८ न येता आधी गुणाकार होऊन ३६ येते. पडद्यावर छापण्यासाठी << वापरणाऱ्या त्याच भाषेत 'थकीत ? "हो" : "नाही"' हे कंसाशिवाय छापायला गेल्यास "हो" किंवा "नाही" यांपैकी काहीच न छापता नुसते १ किंवा ० छापले जाते, कारण << आधी उरकते आणि प्रश्नचिन्ह नंतर येते. पायथनमध्ये पांडाज हे तक्ते हाताळणारे ग्रंथालय (तयार कोडचा संग्रह) वापरून टॉवेलच्या तक्त्यातून लाल रंगाचे आणि दहा डझनांपेक्षा जास्त असलेले नग निवडताना मीही असाच फसलो आहे: तिथे 'आणि'साठी & वापरावे लागते, ते तुलनेच्या चिन्हांपेक्षा घट्ट बांधते, आणि दोन्ही अटींना कंस घातले नाहीत तर रंगाचे नाव आणि डझनांची संख्या यांचाच आधी & होऊ पाहतो. सुदैवाने तिथे प्रोग्राम लगेच आरडाओरडा करतो. सी प्लस प्लसमधल्या && ला नवा अर्थ दिला तर ओरडणारेही कोणी नसते, कारण डावी बाजू खोटी असल्यास उजवीकडे पाहायचेच नाही हा त्या चिन्हाचा मूळ गुण नाहीसा होतो आणि 'ग्राहक आहे का && त्याची थकबाकी किती' यातला दुसरा प्रश्न नसलेल्या ग्राहकालाही विचारला जातो.

तरीही मला सर्वांत जास्त छळले ते दोन वस्तू समान आहेत का हे विचारणाऱ्या == ने. सुताच्या कोनांचे (शंकूच्या आकाराच्या गुंडाळ्यांचे) वजन काट्यावर दर वेळी थोडे इकडेतिकडे येते, म्हणून ५० ग्रॅमपर्यंतचा फरक सोडून देऊन दोन कोन 'समान' मानावेत, असे मी == मध्येच लिहून टाकले. १००० ग्रॅमचा कोन १०४० ग्रॅमच्या कोनाइतका, १०४० चा १०८० इतका. पण १००० आणि १०८० हे मात्र असमान! सारख्या वजनाच्या कोनांचे गट पाडणारा माझा कोड त्यामुळे नोंदींचा क्रम बदलला की वेगळे गट पाडू लागला आणि एकाच दिवसाच्या सुताचे सकाळी दोन गट तर दुपारी तीन, असे प्रकार घडले. समानतेने एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जायलाच हवे, हा नियम मी शाळेत पाठ केला होता; == लिहिताना तो आठवला नाही. वर पायथन ३ मध्ये समानता स्वतः ठरवली आणि हॅश (वस्तू पटकन शोधण्यासाठीचा आकडा, जो समान वस्तूंसाठी सारखाच असावा लागतो) ठरवला नाही, तर त्या वस्तू संचात ठेवायलाच भाषा नकार देते. तेव्हा मला तो नकार आडमुठेपणा वाटला आणि मी कसाबसा एक हॅश लिहून तिचे तोंड बंद केले. आज वाटते, की तिने मला वेळेवर हटकले होते.

सध्या त्या प्रोग्राममध्ये + आणि - फक्त रक्कम व नग यांच्यासाठी उरले आहेत आणि दोन्ही नेहमी नवीनच वस्तू परत देतात. साठा एकत्र करण्यासाठी लांबलचक नावाचे फंक्शन आहे, आणि कोनांची तुलना 'जवळपास_सारखे' या फंक्शनात आहे, ज्याला किती ग्रॅमचा फरक चालेल ते दर वेळी सांगावे लागते. फायलींचे मार्ग जोडण्यासाठी पायथनच्या ग्रंथालयातले / हे चिन्ह मात्र मी आनंदाने वापरतो, जरी उजवीकडचा मार्ग मुळापासून सुरू होणारा असेल तर ते डावीकडचा भाग गुपचूप टाकून देते. दिवाणजी अजूनही महिनाअखेरीस अहवाल मुद्दाम लागोपाठ दोनदा उघडतात आणि दोन्ही आकडे वहीच्या समासात शेजारीशेजारी लिहून ठेवतात.