दोन दशांश सेकंदांची बातमी

२ जून २०२४ च्या रविवारी क्रीडा पानावर जे घडलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी नागपुरातल्या एका दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक आहे. त्या दिवशी पानावर आधीच रेटारेटी होती. टी-ट्वेंटी विश्वचषक अमेरिकेत नुकताच सुरू झाला होता. जोकोविच आणि मुसेट्टीची फ्रेंच ओपनमधली लढत पॅरिसच्या घड्याळात रात्री तीननंतर संपली, म्हणजे आपल्याकडे उजाडल्यावर, शहर आवृत्ती छापून गेल्यानंतर. ती शिळी बातमी दुसऱ्या दिवसासाठी ताजी करून लिहायची होती. मंगळवारी लोकसभेची मतमोजणी, त्यामुळे आमचं एक पान निवडणुकीने घेतलं होतं.

दुपारी इटलीच्या सार्डिनिया बेटावरची मोटारींची रॅली संपली. जागतिक रॅली अजिंक्यपदाची एक फेरी. टोयोटाच्या सेबास्टियन ओझिएकडे शेवटच्या टप्प्याआधी सतरा सेकंदांची आघाडी होती. सोळा टप्पे, अडीचशेहून जास्त किलोमीटर मातीचे, खडकाळ, अरुंद रस्ते, आणि अखेरच्या टप्प्यात त्याचा टायर पंक्चर झाला. ह्युंदाईचा ऑट तानाक ०.२ सेकंदाने जिंकला. ताशी शंभर किलोमीटर वेग धरला तर हे अंतर साडेपाच मीटर भरतं. या अजिंक्यपदाच्या इतिहासात यापेक्षा कमी फरकाचा निकाल नाही. २०११ मध्ये जॉर्डनच्या फेरीत ओझिएनेच फिनलंडच्या लाटवालाला इतक्याच फरकाने हरवलं होतं, ही त्याची बरोबरी.

मी तीन कॉलम मागितले. एक मिळाला. संध्याकाळी जाहिरात आली, तोही गेला आणि बातमी ब्रीफमध्ये, म्हणजे थोडक्यातल्या बातम्यांत आली, चार ओळींत. इथपर्यंत माझी तक्रार नाही, जागेचं गणित मला कळतं.

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान आमच्याकडे छपाईला लवकर सुटतं, कारण गडचिरोली, गोंदियाच्या गाड्या आधी निघतात. पान सोडण्याआधी आमच्या वरिष्ठांनी ब्रीफ वाचलं आणि ०.२ चं २ केलं. मी तेव्हा क्रिकेटच्या धावफलकात अडकलो होतो. छापून आल्यावर विचारलं तर म्हणाले, "अबे, दोन दिवसांची शर्यत शून्य पॉइंट दोनने सुटते का? टायपिंगची चूक वाटली. आन् कोण पाहून राह्यलं हे?"

माणूस हुशार आहे. कबड्डीच्या प्रादेशिक निकालातली चूक ते झोपेत पकडतील. पण त्यांना हा आकडा खोटा वाटला, आणि का वाटला ते मला नीट ठाऊक आहे.

जागतिक रॅलीचा २००१ चा मोसम घ्या. सहा कंपन्या नोंदणी करून उतरल्या होत्या: प्यूजो, फोर्ड, सुबारू, मित्सुबिशी, स्कोडा, ह्युंदाई. शेवटच्या ब्रिटनच्या फेरीला पोचताना चालकांचे गुण होते मॅक्रे ४२, माकिनेन ४१, बर्न्स ४०, सेन्झ ३३. चौघांपैकी कोणीही विजेता होऊ शकत होता. माकिनेन लवकर बाहेर, मॅक्रेची गाडी उलटली आणि बर्न्स ४४ गुणांवर विजेता झाला. केबलवर त्याच्या झलका बघताना मी बसल्या जागी उभा राहिलो होतो. त्या काळात माझ्यासारखे चुकून बघणारे होते, क्रिकेट शोधता शोधता धूळ उडवणारी गाडी दिसली म्हणून थांबणारे.

मग सेबास्टियन लोब आला. २००४ ते २०१२ सलग नऊ अजिंक्यपदं. २००५ मध्ये एकट्याने दहा फेऱ्या जिंकल्या, त्यातल्या सहा ओळीने. तो अप्रतिम चालक होता आणि त्याला दोष देणाऱ्यांशी मी भांडेन. बिघडलं ते भोवतालचं. २००५ नंतर प्यूजो आणि मित्सुबिशी गेल्या. डिसेंबर २००८ मध्ये सुझुकी आणि सुबारू एका पाठोपाठच्या दोन दिवसांत गेल्या. खरी लढत लोबची सिट्रोएन आणि फोर्ड एवढ्यांपुरती उरली. लोबनंतर २०१३ ते २०१८ ओझिए. म्हणजे पंधरा वर्षं विजेत्याचं पहिलं नाव सेबास्टियनच. डेस्कवर निकाल न बघता मथळा लिहिता येत होता. ज्या खेळाचा मथळा आधीच लिहिता येतो, त्याला पुढच्या आठवड्यात जागा मिळत नाही. आमचे वरिष्ठ याच काळात क्रीडा विभागात वाढले. त्यांच्या मनातली रॅली म्हणजे एकतर्फी रॅली.

टीव्हीलाही हा खेळ कधी सोपा गेला नाही. गाड्या एकत्र धावत नाहीत, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने एकेक सुटते आणि झुंज घड्याळाशी असते. जंगलात, डोंगरात वीस-वीस किलोमीटरचे टप्पे. हेलिकॉप्टर आणि गाडीतले कॅमेरे नसतील तर दिसते फक्त धूळ. थेट दाखवता यावा असा एक टप्पा हवा म्हणून २०११ पासून शेवटच्या टप्प्याला जादा गुण देऊ लागले. २०१८ पासून सगळे टप्पे थेट दिसतात, पण पैसे भरून, इंटरनेटवर. जो आधीपासून वेडा आहे त्याची चंगळ झाली. चुकून बघणारा मात्र कायमचा गेला. माझ्या मते रॅलीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, कंपन्या जाण्याहूनही मोठं. २०१९ पासून विजेते बदलू लागले: तानाक, रोवानपेरा, न्यूविल, अधूनमधून पुन्हा ओझिए. २०२० पासून संघ तीनच, पण फरक सेकंदांच्या तुकड्यांवर आला. चुरस परत आली तेव्हा ती सांगायला आमच्याकडे जागा नव्हती आणि विश्वास ठेवायला माणूस नव्हता.

भारतातही तेच. गौरव गिल आशिया-पॅसिफिक रॅलीचा तीनदा विजेता, २०१३, २०१६, २०१७. २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधला पहिला. पुरस्काराची बातमी मोठी लागली. ज्या विजयांसाठी तो मिळाला, त्यांच्या बातम्या शोधाव्या लागतात.

शहर आवृत्तीत मी ०.२ परत बसवलं आणि पान सुटेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही.

सोमवारी दुपारी उमरेडहून फोन आला. गॅरेजवाले गृहस्थ, आवाजावरून पन्नाशीचे. त्यांच्याकडे डाक आवृत्ती जाते. "साहेब, दोन सेकंद कुठून आणले? म्या मोबाईलवर पाहिलं ना. दोन सेकंद असते तं ओझिएच्या घरच्यायला एवढं वाईट काहून वाटलं असतं?" मी आवृत्तीतला फरक सांगितला. ते म्हणाले, "मग उद्या दुरुस्ती छापा. आमच्याकडे पेपर पाहून पैज लागली आहे."

त्याच आठवड्यात नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. ते संवेदकाच्या बिघाडाने होतं हे हवामान विभागाने सांगितल्यावर आम्ही खुलासा ठळक छापला, आणि योग्यच केलं. म्हणून मी दोन ओळींचं शुद्धीपत्र लिहून वरिष्ठांपुढे ठेवलं. "एका टिंबासाठी शुद्धीपत्र?" म्हणून त्यांनी कागद बाजूला सारला. उद्या मतमोजणी, टिंबं मोजायला वेळ नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

ते शुद्धीपत्र छापलं गेलं नाही. उमरेडच्या गृहस्थांना मी शहर आवृत्तीचं पान टपालाने पाठवलं, त्यांच्या पैजेसाठी. डाक आवृत्तीच्या फायलीत तानाक आजही दोन सेकंदांनी जिंकतो, आणि ते दुरुस्त करायला हवं होतं, असंच मी आजही म्हणतो.