हुरड्याच्या दिवसांत कराटे शिबिर, आणि सराटे

शनिवारी सकाळी दौलताबादच्या घाटाने खुलदाबादकडे निघणाऱ्याने गर्दीची तक्रार करू नये. वेरूळला चाललेल्या गाड्या, भद्रा मारुतीला पायी निघालेली मंडळी, आणि त्यात किल्ल्याच्या तटातल्या दरवाजात समोरासमोर अडकलेले दोन ट्रक. संभाजीनगरपासून तासाभराची वाट, आम्हाला दोन तास लागले. खुलदाबादच्या पुढे म्हैसमाळच्या अंगाला एका शेतावर दोन दिवसांचं कराटे शिबिर होतं. ४० जण, त्यातली निम्मी शाळकरी पोरं. जाहिरातीत हुरडा होता, शेकोटी होती, तंबू होते. जमिनीबद्दल अक्षर नव्हतं.

आणि कराटे अनवाणी करतात.

मैदान म्हणजे ज्वारीच्या रानाला लागून साफ केलेला तीनेक गुंठ्यांचा तुकडा. अर्ध्यावर मुरूम, अर्धी काळी माती. मुरूम नुसता पसरलेला; पाणी मारून रोलर फिरवलेला नव्हता, त्यामुळे खडे सगळे सुटे. ओळी लागल्या, ‘ओस’ म्हणून अभिवादन झालं, आणि पहिली आरोळी आली ती किया, म्हणजे वारासोबत द्यायची हाक, नव्हती. एका पिवळ्या पट्ट्याच्या पोराच्या टाचेत सराटा गेला होता. पाच मिनिटांत अकरा जण एका पायावर.

सराटा (कुणी गोखरू म्हणतात) वाळला की त्याच्या फळाचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे असतात. तो कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. झाडूने झाडून उपयोग नाही. झाडू वरचा कचरा नेतो, मातीत दबलेला सराटा तिथेच राहतो. शेतमालकीण मावशी चुलीपाशी बसून हे बघत होत्या. शेवटी उठून आल्या आणि सरांना म्हणाल्या, “सर, लेकरायला चपला घालू द्या. पोतं फिरवल्याबिगर कुणी अनवाणी उतरतं का?”

मग त्यांनी दाखवलं ते प्रत्येक शिबिराच्या आयोजकाने शिकून घ्यावं. जुनं बारदान भिजवायचं, पिळायचं, त्यावर मधोमध एक दगड ठेवायचा आणि दोन टोकांना दोरी बांधून ओढायचं. आधी उभं, मग आडवं. ओल्या सुतळीत काटे रुततात. दर फेरीला पोतं उलटं करून काडीने सराटे खरवडून डब्यात पाडायचे. हात लावायचा नाही आणि बांधावर झटकायचं तर मुळीच नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तेच पीक. चौथ्या फेरीला पोत्यावर तीनच सराटे निघाले, तेव्हा मावशींनी चपला काढायची परवानगी दिली. पाऊण तास गेला. हे आदल्या संध्याकाळी व्हायला हवं होतं, आणि ते मालकांचं नव्हे, आयोजकांचं काम होतं.

काटा टाचेत गेलाच तर आडवा हलवायचा नाही, टोक आत मोडतं. ज्या तिरकेपणाने आत गेला त्याच रेषेत सरळ बाहेर उपसायचा, पाय साबणाने धुवायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारायचं.

काटे संपले तरी जमीन संपत नाही. शहरात फरशीवर किंवा मॅटवर शिकलेला झेनकुत्सु-दाची हा पवित्रा इथे लगेच उघडा पडतो. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, मागची टाच जमिनीला: फरशीवर टाच उचलली तरी चालून जातं, भुसभुशीत मातीत मागच्या पायाला रेटा मिळत नाही आणि पंच हवेत विरतो. मुरमावर उलटं होतं, पुढचं पाऊल सरकतं. उपाय एकच, पाऊल छोटं घ्यायचं. एरवीपेक्षा वीतभर आखूड.

खरी भीती वळणाची. काता म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम; हेइआन शोदान या पहिल्या कात्यात २१ हालचाली आहेत. नवव्या हालचालीला किया, आणि लगेच उजव्या पायावर २७० अंशांचं वळण. सतराव्या हालचालीच्या कियानंतर पुन्हा तेच. फरशीवर पाऊल आपोआप फिरतं. काळ्या मातीत ते रुतून बसतं, कंबर फिरते आणि मधल्या मधे गुडघा पिळला जातो. म्हणून सरांनी वळण दोन मोजणीत तोडलं: एकला डावा पाय उजव्याजवळ आणून उभं राहणं, दोनला उजवं पाऊल हलकं करून कंबरेबरोबर फिरवणं आणि मग डावा पाय टाकणं. दिसायला बावळट. पण गुडघा शाबूत राहतो.

जागेचा हिशेबही कुणी केलेला नसतो. हाच काता मोकळेपणी करायला एकाला साधारण पाच बाय पाच मीटर लागतात. ४० जण एकदम करणार तर हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे. इथे तीन. म्हणून दहा-दहाच्या चार तुकड्या, आणि उरलेले तीस जण बांधावर बसून मोबाईलमध्ये. ओकिनावात कराटे अंगणात शिकवलं जायचं हे खरं, पण एका अंगणात ४० जण नसत.

दुपारचं जेवण उत्तम. भाकरी, येसर आमटी, ठेचा. चूक चार वाजता झाली. आगटीतून काढलेला हुरडा, जवसाची चटणी, दही, गूळ आला आणि कुणाचाच हात थांबेना. पाच वाजता कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव. कोवळी ज्वारी पोटात फुगते. त्या पोटावर माए-गेरी, म्हणजे समोरची लाथ, हलकी जरी लागली तरी माणूस दुमडतो. दोघं रानात पळाले. हुरडा सरावानंतर, नाहीतर मध्ये निदान तीन तास. एरवी मूठभर शेंगदाणे आणि गूळ पुरतो.

रात्रीबद्दल न बोललेलं बरं. ४० जणांना दोन संडास.

पहाटे साडेचारला शेजारच्या गावात सप्ता होता, भोंग्यावर काकडा सुरू झाला. मोकुसोला, म्हणजे सरावाआधीच्या ध्यानाला, सतरंजीवर डोळे मिटून बसलो तेव्हा शांततेच्या जागी टाळ होते, आणि सरांनीही ते चालवून घेतलं. वाऱ्यात थंडी चांगलीच होती. अशा वेळी आधी २५ मिनिटं नुसतं पळणं, घोटे-कंबर मोकळी करणं. गार अंगाने ताण दिला की मांडीची मागची शीर धरते, आणि धरलीच दोघांची. उरलेला रविवार सराव, फोटो आणि आवराआवरीत गेला.

पांढरा गी (कराटेचा पोशाख) काळ्या मातीत नेणाऱ्यांसाठी: ओला डाग चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने माती झाडा, मग गार पाण्यात तासभर भिजवा. गरम पाण्याने सुती कापड आटतं, बाह्या कोपरापर्यंत येतात. कुसळं मात्र धुण्याआधीच काढायची, एकेक, चिमट्याने. पायजम्याच्या शिवणीतली तर कापड उलटं केल्याशिवाय दिसतच नाहीत.