जर्मनीत चालवतोय वडापचं इंजिन

माझी गाडी १९८४ सालची आहे. मर्सिडीज २४० टीडी, डब्ल्यू१२३ घराण्यातली स्टेशन वॅगन. हौस म्हणून गॅरेजात झाकून ठेवलेली नाही. ऑफिस, पोरांची शाळा, किराणा, सगळं तिच्यावरच. मर्सिडीज म्हटलं की गावाकडे भुवया उंचावतात. इथे सिग्नलला एखादे आजोबा काच खाली करून गप्पा मारतात इतकंच, कारण त्यांच्या तरुणपणी जर्मनीतल्या टॅक्स्या म्हणजे याच घराण्यातल्या गाड्या.

आणि तिचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. खरंच. बॉनेटखाली २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं ओएम ६१६ डिझेल इंजिन आहे. याच इंजिनाचं लायसन्स घेऊन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सने, ते ट्रॅक्समध्ये बसवलं. तालुक्याच्या स्टँडबाहेर ‘चला, एकच सीट, एकच सीट’ म्हणत भरलेल्या गाडीत आणखी चार माणसं कोंबणारी ती वडाप ट्रॅक्स. व्हिडिओ कॉल चालू असताना मी गाडी सुरू केली, तर मामा पलीकडून म्हणाला, “कुणाची ट्रॅक्स लागलीय रे तिकडं?” त्याने ऐन उमेदीची वर्षं वडाप चालवण्यात घालवली आहेत, त्याचा कान चुकायचा नाही.

ताकद ७२ हॉर्सपॉवर. शून्यावरून शंभरला जायला वीस सेकंदांहून जास्त लागतात. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या एक्स्प्रेसवेवर, मी उजव्या लेनमध्ये ट्रकवाल्यांच्या पंगतीत असतो आणि डावीकडून लोक विमानासारखे जातात. सकाळी थंडीत किल्ली अर्धी फिरवायची, इंजिनाच्या हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. केबिन गरम होईपर्यंत निम्मं ऑफिस आलेलं असतं. बंद करण्याचीही तऱ्हा आहे: किल्ली काढली की व्हॅक्यूमच्या, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून केलेल्या पोकळीच्या, जोरावर इंजिनाचं डिझेल तोडलं जातं. दरवाज्यांचं सेंट्रल लॉकसुद्धा व्हॅक्यूमवरच. चाळीस वर्षांची रबरी नळी कुठेतरी चिरली की किल्ली हातात आणि इंजिन आपलं धडधडतंय. अशा वेळी बॉनेट उघडून लाल रंगाचा ‘स्टॉप’ लिव्हर दाबायचा. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये हे करताना बघे जमतात, आणि हमखास कुणीतरी मदतीला येतं.

मग रोज का चालवायची? डिकीसाठी. मागची सीट पाडली की वॉशिंग मशीन आडवं न करता जातं. मागचं सस्पेन्शन तेल आणि गॅसच्या दाबावर चालतं, त्यामुळे ओझं टाकल्यावर दबलेली शेपूट इंजिन सुरू झालं की हळूहळू उचलली जाते आणि गाडी पुन्हा सपाट. १९७८ पासून ब्रेमेनच्या कारखान्यात या वॅगन बनायला लागल्या तेव्हापासून हे प्रत्येकीत आहे. मित्रमंडळीत कुणीही घर बदललं की पहिला फोन मला येतो, हा त्याचा तोटा.

आपल्याकडच्यांना सगळ्यात नवल वाटतं ते कायद्याचं. इथे गाडीला ३० वर्षं झाली, ती चांगल्या अवस्थेत आणि मूळ रूपात आहे असं तज्ज्ञाने तपासून लिहून दिलं, की नंबरच्या शेवटी ‘एच’ लागतो. कायद्याच्या लेखी ती गाडी सांस्कृतिक वारसा ठरते. मग वर्षाचा कर सरसकट १९१.७३ युरो; एरवी माझ्या इंजिनाला सुमारे ९०० युरो पडले असते. शहरांच्या ज्या भागांत कमी प्रदूषणाच्या हिरव्या स्टिकरशिवाय प्रवेश नाही, तिथेही ही जाऊ शकते. आणि मुख्य म्हणजे रोज चालवायला बंदी नाही. (विमा कंपन्या मात्र हुशार. जुन्या गाड्यांची स्वस्त पॉलिसी देताना बहुतेक जण ‘रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे ना?’ असं विचारतात. माझ्याकडे नाही, म्हणून मी साधा, महाग विमा भरतो.)

भारतात २०२१ साली आलेल्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करायला गाडी ५० वर्षांची लागते, आणि तशी नोंद झाली की ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे गाडी वाचली, पण शोभेपुरती. मला हे पटत नाही. यंत्र चालतं राहिलं तरच धड राहतं. पण इथलं सगळं बरोबर, असंही मी म्हणणार नाही. चढावर माझ्यामागे सायकलवाला असला की आरशात त्याचा चेहरा दिसतो, आणि वारसा असला तरी धूर काळाच असतो. शिवाय माझ्या गाडीत ना एबीएस, ना एअरबॅग. लांबच्या प्रवासाला पोरांना घेऊन निघताना बायको रेल्वेची तिकिटं काढते, आणि मी वाद घालत नाही.

खरा शत्रू आहे मीठ. बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ टाकतात, ते खालून पत्र्याच्या सांध्यात शिरतं आणि गंज आतून खात येतो. इंजिन लाखो किलोमीटर जातं, पत्रा आधी हार मानतो. म्हणून हिवाळ्याआधी पोकळ भागांत मेण फवारून घ्यायचं, मीठ टाकलेल्या आठवड्यात शक्य तितकी ट्रॅम पकडायची, आणि दर दोन वर्षांच्या पासिंगला तपासनीस खालून टॉर्च मारून पत्रा ठोकत जातो तेव्हा तोंड मिटून उभं राहायचं. पुढचं पासिंग मार्चमध्ये आहे. मागच्या डाव्या चाकावरचा कोपरा त्याआधी वेल्डिंगला टाकावा लागेल. मामाचं म्हणणं, पुटी भरून वरून रंग मार, कोण बघतंय. इथे बघतात, मामा.