मिन्योकाओवरून: होर्डिंग उतरल्यानंतरचं साओ पाउलो

ब्राझीलमधल्या साओ पाउलोत होर्डिंग नाहीत, हे विमानतळावरून येताना कळत नाही. मोठा विमानतळ ग्वारुल्योसमध्ये आहे. ती शेजारची वेगळी पालिका, त्यामुळे साओ पाउलोचा होर्डिंगबंदीचा कायदा तिथे चालत नाही. शहराची हद्द लागली की इमारतींच्या कडेच्या भिंती उघड्या दिसायला लागतात. काही राखाडी, काही पोपडे सुटलेल्या, आणि मध्येच दहा-बारा मजली एक चेहरा.

कायद्याचा क्रमांक 14,223, पण सगळे त्याला ‘सिदादी लिम्पा’ म्हणतात, म्हणजे स्वच्छ शहर. जिल्बेर्तो कासाब महापौर असताना तो सप्टेंबर 2006 मध्ये मंजूर झाला आणि 1 जानेवारी 2007 ला लागू झाला. सुमारे 15 हजार होर्डिंग उतरली. दुकानांच्या पाट्यांनाही माप ठरलं. दर्शनी बाजू 10 मीटरपेक्षा कमी असेल तर दीड चौरस मीटरची पाटी, 10 ते 100 मीटरपर्यंत 4 चौरस मीटर, आणि भिंतीपासून फार तर 15 सेंटिमीटर पुढे. दंड 10 हजार रेआइसपासून (रेआइस हे ब्राझीलचं चलन) सुरू होतो. 4 चौरस मीटरच्या वर गेलात तर प्रत्येक जादा चौरस मीटरला आणखी 1 हजार.

हे सगळं पाहायचं तर मिन्योकाओवर चढावं. मिन्योका म्हणजे गांडूळ. हा ‘थोरला गांडूळ’ 1971 साली उघडलेला उड्डाणपूल आहे. तो इतका इमारतींना खेटून जातो की तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला कुकर दिसतो. शनिवार-रविवार वाहनं बंद असतात, इतर दिवशी रात्री 8 नंतर. सांता सेसिलिया किंवा मारेशाल देओदोरो मेट्रो स्थानकावर उतरायचं आणि गाड्यांच्याच उतारावरून पायी वर जायचं. वर सावली नाही की स्वच्छतागृह नाही, तेव्हा पाणी आणि टोपी बरोबर हवी. खाली उतरल्यावर फोन खिशात ठेवावा; वर काढलेले फोटो मेट्रोत बसून बघता येतात.

पुलाच्या दोन्ही बाजूंना इतक्या मोठ्या कोऱ्या भिंती कुठून आल्या? पोर्तुगीजमध्ये त्यांना ‘एम्पेना सेगा’ म्हणतात, आंधळी भिंत. शेजारच्या प्लॉटवर तेवढीच उंच इमारत येईल या हिशेबाने हद्दीला लागून बिनखिडक्यांची भिंत बांधली, आणि शेजारी काही उंच झालाच नाही. मग समोरून पूल गेला आणि रोज हजारो गाड्या त्या भिंतीकडे तोंड करून यायला लागल्या. जाहिरातवाल्यांना याहून काय हवं? 2007 ला ते भाडं बुडालं. आज तिथे चित्र येतं तेव्हा सोसायटीला बहुतेकदा पैसे मिळत नाहीत, पण भिंतीची डागडुजी होऊन मिळते, आणि जुन्या इमारतीला तेवढंही पुष्कळ असतं.

हे काम कसं चालतं ते नीट सांगायला हवं, कारण खालून पाहणाऱ्याला सगळी करामत स्प्रेच्या डब्याची वाटते. 12 मीटर रुंद आणि 40 मीटर उंच भिंत धरा, 480 चौरस मीटर. आधी दाबाच्या पाण्याने धुलाई. मग ठोकून पाहणं: पोकळ आवाज आला की तेवढा गिलावा काढून नवा भरायचा. नव्या गिलाव्याला 28 दिवस द्यावे लागतात. घाई केली तर सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पांढरा लोणा फुटतो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. वर्षभरातच पोपडे धरलेलं चित्र दिसलं, तर दहातल्या नऊ वेळा दोष चित्रकाराचा नसून या चुकवलेल्या दिवसांचा किंवा गच्चीच्या गळतीचा असतो.

त्यानंतर अस्तराचा एक हात आणि ॲक्रिलिकचे दोन. गुळगुळीत भिंतीवर लिटरमागे 10 चौरस मीटर निघतात, या खरबरीत गिलाव्यावर जेमतेम 7. म्हणजे तीन हातांना 200 लिटरच्या वर, ब्राझीलमधल्या 18 लिटरच्या डब्यांच्या हिशेबात 12 डबे, आणि चित्र तर अजून सुरूच झालेलं नाही.

रेखाटन मोठं करायला प्रोजेक्टर इथे फारसा कामाचा नाही. तो ठेवायला समोर पुरेसं अंतर हवं, अंधारही हवा, आणि पुलावरचे दिवे रात्रभर जळतात. चौकटी पाडणं ही जुनी रीत. दुसरी रीत पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकते: भिंतभर वाटेल तशा खुणा मारायच्या, गोल, फुल्या, आकडे, वेडेवाकडे चेहरे. मग पुलावरून फोटो काढून टॅबलेटवर त्याच्यावर मूळ चित्र चढवायचं. भिंतीलगत टांगलेल्या झुल्यावरचा माणूस समोरच्या खुणेवरून ओळखतो की नाकपुडी तिसऱ्या फुलीच्या डावीकडून सुरू होते. अर्धवट अवस्थेत अशी भिंत दिसली तर ती कुणी खराब केली असं समजू नका.

झुला गच्चीवरून दोरांवर टांगलेला असतो आणि काम वरून खाली येतं, म्हणजे ओघळ आले तर न रंगवलेल्या भागावर येतात. माणसाच्या पट्ट्याचा दोर झुल्याच्या दोरापासून वेगळा बांधलेला हवा. तो नसेल तर बाकीचं काम कितीही चोख असो, ते काम वाईट. झुल्याची रबरी चाकं भिंतीला टेकतात आणि ओल्या रंगावर दोन उभे पट्टे ओढतात. जवळून पाहिलं तर कित्येक भिंतींवर ते पट्टे झाकायला मारलेला किंचित वेगळ्या छटेचा रंग सापडतो. रेषेची जाडीही अंतरावर ठरते. 80 मीटरवरून 2 सेंटिमीटरची रेष जवळजवळ नाहीशी होते, म्हणून भुवईचा एकेक केससुद्धा 5 सेंटिमीटरचा काढावा लागतो. झुल्यावरून त्यातलं काहीच कळत नाही. पुलावर उभा राहून फोनवर ‘डावीकडे, अजून डावीकडे’ म्हणणारा एक माणूस लागतोच.

ऋतूचा हिशेब आपल्या उलट. डिसेंबर ते मार्च दुपारचा वळवासारखा पाऊस, म्हणून मोठी कामं मे ते सप्टेंबरमध्ये धरलेली बरी. तेव्हाही रिमझिम गाठतेच; या शहराचं जुनं टोपणनावच ‘रिमझिमीचा देश’ आहे. शिवाय मकरवृत्त शहराला लागून जातं, त्यामुळे सर्वांत जास्त ऊन उत्तरेकडच्या भिंतीला लागतं. तिथले झगझगीत लाल-पिवळे आधी विटतात. गेरू आणि निळा टिकतात. जुनी चित्रं निळसर वाटतात याचं कारण बरेचदा इतकंच असतं.

आता यातली मेख. होर्डिंग गेली म्हणून भिंत चित्रकाराची झाली, असं नाही. मोठ्या चित्राला शहरदृश्य जपणाऱ्या पालिकेच्या आयोगाची मंजुरी लागते, कारण चित्राआडून जाहिरात शिरू शकते: बाटलीचा ओळखीचा आकार, कंपनीचे ठरलेले रंग. हा संशय आम्हाला रास्त वाटतो. पण तोच स्वच्छतेचा झाडू चित्रांवरही फिरला आहे. ओस जेमिओस या जुळ्या भावांनी इतर चित्रकारांबरोबर केलेलं, 23 दि मायो रस्त्यालगतचं मोठं चित्र 2008 साली पालिकेच्याच कामात राखाडी रंगाखाली गेलं. ओरड झाल्यावर पुन्हा काढून घेतलं. त्याच रस्त्यावर 2015 साली पालिकेनेच मोठा चित्रपट्टा करवून घेतला आणि 2017 च्या जानेवारीत ज्वाओ दोरिया महापौर होताच त्यातला बराच भाग पुन्हा राखाडी झाला. नंतर तिथे भिंतीवरच्या बागा आल्या.

आणि पिशासाओ: गच्चीच्या कडेला उभी, अणकुचीदार काळी अक्षरं. तिला कुणी बोलावत नाही आणि पैसेही देत नाही. 2011 च्या केंद्रीय कायद्याने मालकाच्या संमतीने काढलेल्या ग्राफिटीला गुन्ह्यातून वगळलं, पिशासाओ मात्र गुन्हाच राहिला. सुंदर म्हणवत नाही, पण जाहिरातीला न विकली जाणारी भिंतीवरची गोष्ट कोणती असं विचारलं तर आम्ही तिच्याकडेच बोट दाखवू.

वेळ उरला तर दोन ठिकाणं. विला मादालेना वस्तीतला ‘बेको दो बॅटमन’ हा भित्तिचित्रांचा बोळ फोटोवाल्यांनी भरलेला असतो. सकाळी लवकर जावं, नाहीतर सोडून द्यावा. त्यापेक्षा निळ्या मार्गावरचं सांताना गाठा. तिथे मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या खांबांवर चित्रं आहेत. 2011 साली विनापरवाना रंगवताना काही चित्रकार पकडले गेले, त्यानंतर त्यांनीच राज्य सरकारच्या संस्कृती खात्यापुढे प्रस्ताव ठेवला आणि खांब रीतसर मिळवले. सांताना ते पोर्तुगेझा-तिएते हा टप्पा पायी करावा.

परतताना बसथांब्यावर उजळलेली काचपेटी दिसेल, आत शाम्पूची जाहिरात. चुकून राहिलेली नाही ती. काही वर्षांनी पालिकेने थांबे आणि रस्त्यावरची घड्याळं सांभाळायला कंत्राटावर दिली, आणि त्यांच्या देखभालीचा खर्च या पेट्यांतून निघतो.