रिकाम्या जागेच्या आजूबाजूला बघा

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली बसतात. रविवारी मी तिथे इंग्रजी घेते. नवीन आलेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, व्होकॅबसाठी कुठलं पुस्तक घेऊ?" मी पुस्तकाचं नाव सांगत नाही. आधी वही दाखव म्हणते.

वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे मराठी अर्थ. पानंच्या पानं, सुवाच्य अक्षरात, लाल-निळ्या पेनानं. शब्द विचारले तर अर्थ धडाधड येतात. तोच शब्द उताऱ्यातल्या रिकाम्या जागेचा पर्याय म्हणून समोर आला की मात्र हात माउसवर अडतो. पाचही पर्यायांचे अर्थ माहीत, आणि उत्तर येत नाही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आज त्याबद्दल सविस्तर लिहायचंच ठरवलं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत काउंटरला आहे. शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झालं. महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधीच्या मुलांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची. आम्ही पहिलीवाल्यांपैकी, तरी बारावीपर्यंत इंग्रजी म्हणजे धड्याखालचे प्रश्न आणि पाठ केलेला निबंध एवढंच होतं. त्यामुळे इंग्रजीच्या विभागाचं टायमर सुरू झाल्यावर पोटात जो गोळा येतो तो मला चांगला माहीत आहे. आणि माहीत आहे म्हणूनच ठामपणे सांगते, रिकाम्या जागा हा मराठी माध्यमाच्या मुलांनी हक्कानं गुण घ्यायचा भाग आहे. तिथे उच्चार लागत नाहीत, फाडफाड बोलणं लागत नाही. शांत डोक्यानं वाचता आलं पाहिजे.

परीक्षेचा हिशोब थोडक्यात. आयबीपीएस ही सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था. तिच्या क्लार्क पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न, ३० गुण, २० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४० सेकंद. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. २०२१ मधल्या निर्णयानंतर गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न मराठीतून घेता येतात, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच सोडवावा लागतो. तिथून पळवाट नाही. बाकी पॅटर्न दर वर्षीच्या जाहिरातीत स्वतः तपासा, कुणाच्या तोंडी माहितीवर राहू नका.

आता मूळ मुद्दा. क्लोज टेस्ट, म्हणजे उताऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायचा हा प्रकार, आला कुठून, ते कळलं की तो सोडवायचा कसा तेही अर्धं कळतं. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि ती शब्दसंग्रह तपासण्यासाठी नव्हती. एखादा मजकूर वाचकाला कितपत समजण्यासारखा आहे, हे त्यांना मोजायचं होतं. मजकुरातले ठरावीक अंतरावरचे शब्द काढून टाकायचे आणि वाचकाला ते भरायला लावायचे. पर्यायही द्यायचे नाहीत. मजकूर समजत असेल तर वाचक गाळलेला शब्द आजूबाजूच्या शब्दांवरून हुडकून काढतो, हा त्यामागचा विचार. म्हणजे उत्तर रिकाम्या जागेच्या अलीकडे-पलीकडे असतं. आपण मात्र ते पर्यायांत शोधत बसतो, आणि पेपर काढणाऱ्यानं पर्याय नेमके गोंधळ उडावा असेच निवडलेले असतात.

एक उताराच घेऊ. हा मी अभ्यासिकेतल्या मुलांसाठी तयार केला होता. विषय कोरडवाहू शेतीचा. पहिलं वाक्य, "फार्मर्स इन ड्राय रीजन्स हॅव लाँग ____ ऑन द मान्सून." पर्याय डिपेंडेड, ट्रस्टेड, होप्ड, बिलीव्हड, नीडेड. अर्थानं बघाल तर पाचही बरे वाटतात. शेतकऱ्याची पावसावर भिस्त असते, विश्वास असतो, आशा असते, त्याला गरजही असते. पण रिकाम्या जागेला चिकटून 'ऑन' बसलाय. 'होप'ला 'फॉर' लागतो, 'बिलीव्ह'ला 'इन' लागतो, 'ट्रस्ट' आणि 'नीड' इथे थेट येतात. 'ऑन' फक्त 'डिपेंडेड'ला चालतो. इथे अर्थाच्या आधी शेजारच्या दोन अक्षरांनी निकाल लावला.

दुसरं वाक्य, "द रेन्स, ____, हॅव बिकम अनप्रेडिक्टेबल." पर्याय देअरफोर, हाउएव्हर, मोरओव्हर, सिमिलरली, अदरवाइज. इथे एकट्या वाक्याकडे बघून काही हाती लागत नाही. मागच्या वाक्यात शेतकरी पावसावर विसंबून, या वाक्यात पाऊस बेभरवशाचा. दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात उभी आहेत, म्हणून 'हाउएव्हर'. असा जोडणारा शब्द विचारला असेल तर मागचं वाक्य वाचल्याशिवाय पर्यायांकडे बघायचंच नाही.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. "मेनी हॅव नाउ ____ टू ड्रिप इरिगेशन." पर्याय चेंज, टर्न्ड, अडॉप्टेड, स्विच, यूजिंग. घाईत मुलं 'स्विच'वर क्लिक करतात, कारण अर्थ अगदी नेमका बसतो. पण मागे 'हॅव' आहे. त्याच्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप हवं. 'चेंज', 'स्विच', 'यूजिंग' तिघंही रूपावरच बाद. 'स्विच्ड' असतं तर चाललं असतं, पण ते दिलेलं नाही. उरले दोन. 'अडॉप्ट'पुढे 'टू' येत नाही, ठिबक थेट अडॉप्ट करायचं. राहिलं 'टर्न्ड'. आधी व्याकरणानं तिघांना घरी पाठवलं, मग शेजाऱ्यानं चौथ्याला. ज्याला हे सुचतं त्याला यातला एखादा शब्द अनोळखी असला तरी फारसं बिघडत नाही.

चौथं, "दो द इनिशियल कॉस्ट इज हाय, द बेनिफिट्स ____ इट." वाक्याच्या तोंडाशीच 'दो' आहे. म्हणजे खर्च जास्त असला तरी पुढे काहीतरी चांगलं येणार. पर्यायांत 'आउटवे' दिसला की घ्यायचा. त्याचा अर्थ आधी पाठ नसला तरी 'आउट' आणि 'वे', म्हणजे वजनात मागे टाकणं, एवढं जुळवता येतं.

सगळे शब्द भरून झाले की उतारा एकदा सलग वाचा, मनातल्या मनात पण ओठ हलवून. वाचताना कुठे ठेच लागली तर ती जागा पुन्हा तपासा. एवढ्यानं एखादा गुण वाचतो.

आता वहीकडे परत येऊ. एक शब्द, एक अर्थ हा प्रकार बंद करा. त्याऐवजी शब्दाला अर्धं पान द्या. उदाहरणार्थ 'रेज'. पहिल्या ओळीत त्याची नेहमीची संगत लिहा: रेज अ क्वेश्चन, रेज फंड्स, रेज कन्सर्न्स, रेज अवेअरनेस. खाली एक पूर्ण वाक्य, कुठल्या तरी बातमीतून जसंच्या तसं उतरवलेलं. त्याच्या खाली त्याचा घोटाळा करणारा जुळा भाऊ 'राइज'. 'रेज'ला कर्म लागतं, कुणीतरी काहीतरी वर उचलतं. 'राइज'ला कर्म नाही, भाव आपोआप वाढतात, प्रायसेस राइज. शेवटी तिन्ही रूपं: रेज-रेज्ड-रेज्ड, राइज-रोज-रिझन. बस. असे रोज चार-पाच शब्द झाले तरी पुरे. आठवड्यानं ते पान उघडून संगतीतला एकेक शब्द हातानं झाका आणि म्हणून बघा. हाच तुमचा रिकाम्या जागांचा सराव.

शब्दयोगी अव्ययांच्या बाबतीत आपली मराठी आपल्याला एका विशिष्ट दिशेनं ओढते, हे ओळखून असा. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे हटकून 'ऑन' किंवा 'अबाउट' लिहितो. तिथे काहीच लागत नाही. लग्न कुणाशी तरी होतं म्हणून 'मॅरिड विथ' लिहितो, हवं असतं 'मॅरिड टू'. माझ्यापेक्षा सीनियर म्हणून 'दॅन' लावतो, तिथेही 'टू'. 'प्रिफर'चंही तसंच, चहापेक्षा कॉफी आवडते हे 'प्रिफर कॉफी टू टी' असं होतं. 'डिस्पाइट'पुढे 'ऑफ' येत नाही, 'इन स्पाइट'पुढे येतो. 'कम्प्लाय विथ', 'रिफ्रेन फ्रॉम', 'अ‍ॅक्सेस टू', 'इन अकॉर्डन्स विथ' या जोड्या तर बँकेच्या परिपत्रकांत पानोपानी असतात. पुढे नोकरीत रोज वाचायच्याच आहेत, तर आत्ताच ओळख करून घ्या. या जोड्या का अशा, हे विचारत बसू नका. मोठ्यानं म्हणा. कानाला सवय झाली की 'डिस्कस अबाउट' आपोआप खटकायला लागतं.

कुठले शब्द करायचे, हा पुढचा प्रश्न. जाड पुस्तकांतले कधी न दिसणारे शब्द पाठ करून मुलं दमतात आणि 'देअरबाय', 'व्हेअरअ‍ॅज', 'प्रोव्हायडेड' यांच्यापुढे अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला नोकरीत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं यासाठी मोजक्या शब्दांची पुस्तकं करण्यात त्यांनी बरीच वर्षं घातली. पुढे १९५३ मध्ये सर्वांत उपयोगाच्या साधारण २,००० शब्दांची यादी त्यांनी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली त्या २,००० च्या पलीकडचे, अभ्यासाच्या लिखाणात वारंवार येणारे ५७० शब्दगट (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक गट) निवडले. अ‍ॅप्रोच, बेनिफिट, एस्टॅब्लिश, सिग्निफिकंट, कन्सिस्टंट, डिक्लाइन, सस्टेन असले शब्द त्यात आहेत. दोन्ही याद्या नेटवर फुकट मिळतात. माझा सल्ला, आधी पहिल्या यादीवरून नजर फिरवा आणि जे येत नाहीत त्यांना खूण करा. ती खिंडारं बुजवल्यावर ५७० कडे वळा. बँकेच्या पेपरातले उतारे अर्थव्यवस्था, शेती, आरोग्य, तंत्रज्ञान असल्या विषयांवरचे असतात, तिथे हेच शब्द भेटतात.

वाचायला काय घ्यायचं? सगळे सांगतात इंग्रजी पेपरचं संपादकीय वाच. सांगतात ते बरोबर आहे, पण ज्याला अजून एका परिच्छेदात दहा शब्द अडतात त्यानं तिथून सुरुवात केली तर आठवडाभरात पेपर रद्दीत जातो. सुरुवात अशा बातमीनं करा जी तुम्ही सकाळी मराठीत वाचली आहे. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर बदलला, कांद्याची निर्यात, उजनीची पातळी. मजकूर आधीच डोक्यात असतो, त्यामुळे इंग्रजी वाक्य हाताला धरून पुढे नेतं. संपादकीय दोन-तीन महिन्यांनी.

आता नकारात्मक गुणांची भीती. पाच पर्याय आणि पाव गुण वजा, म्हणजे डोळे मिटून ठोकलं तर सरासरी हाती शून्य येतं. पाचातून एक वेळा पूर्ण गुण, चार वेळा पाव-पाव वजा, हिशोब बरोबरीत. पण एक जरी पर्याय खात्रीनं बाद करता आला तर पारडं तुमच्या बाजूला झुकतं, आणि दोन बाद झाले तर प्रत्येक अशा प्रश्नामागे सरासरी एक षष्ठांश गुण मिळतो. वरच्या तिसऱ्या वाक्यात आपण नुसत्या 'हॅव'च्या जोरावर तीन बाद केले होते. असा प्रश्न सोडून येऊ नका. एकही बाद होत नसेल तर मात्र तिथे सेकंद न घालवता पुढे व्हा.

क्रमाचं म्हणाल तर मी मुलांना रिकाम्या जागा आधी, मग चुका शोधा, आणि मोठा उतारा शेवटी असं सांगते. मोठा उतारा वेळ खातो, आणि त्यात दमल्यावर सोपे गुणही हातचे जातात. ज्यांचं वाचन खरंच वेगवान आहे त्यांनी उलटं करायला हरकत नाही.

मॉक टेस्ट किती द्याव्यात यावर मुलं वाद घालतात. मला त्या संख्येत रस नाही. मॉक संपल्यावर चुकलेल्या प्रत्येक जागेपुढे कारण लिहिलंय का, ते मी बघते. शब्द माहीत नव्हता, संगत माहीत नव्हती, रूप बघितलं नाही, की मागचं वाक्य वाचलं नाही. चारच कारणं असतात. आमच्याकडची एक मुलगी, दिवसा मेडिकल दुकानात कामाला जाते, तिनं हे महिनाभर नेटानं लिहिलं. तिच्या वहीत 'मागचं वाक्य वाचलं नाही' हेच सगळ्यात जास्त वेळा आलं. ती शब्द पाठ करत होती आणि तिचं दुखणं वेगळंच होतं. ते कळल्यावर तिनं शब्दांची वही दोन आठवडे बाजूला ठेवली आणि फक्त जोडणाऱ्या शब्दांचा सराव केला.

क्लास लावायला पैसे नसतील तर दोघं मिळून हे करा. इंग्रजी बातमीचा एक परिच्छेद घ्या, एकानं दुसऱ्यासाठी तो वहीत उतरवायचा आणि पहिलं वाक्य अख्खं ठेवून पुढचा दर सातवा शब्द गाळायचा. पर्याय द्यायचे नाहीत, टेलरच्या पद्धतीनं. भरून झाला की मूळ बातमी उघडा. तुमचा शब्द वेगळा निघाला तर लगेच चूक धरू नका. तो तिथे का चालेल किंवा का चालणार नाही, यावर दोघांनी भांडा आणि शब्दकोशातली उदाहरणाची वाक्यं बघून निकाल लावा. येत्या रविवारी अभ्यासिकेत येणाऱ्यांनी असा एकेक परिच्छेद करून आणायचा आहे. पेन्सिलीनं लिहा, म्हणजे तोच कागद पुढच्यालाही देता येईल.