रिव्हर्सची रिंग

गेली चौदा वर्षं मी मस्कतला राहते आणि त्यातली अकरा वर्षं रोज गाडी चालवते. ओमानचा परवाना सहज हातात पडत नाही. आधी ड्रमची परीक्षा असते, म्हणजे उभ्या केलेल्या पिंपांमधून गाडी मागे घेत घेत नेमकी आत बसवायची. मग चढावाची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची. ड्रमची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल की बाईला गाडीच येत नसणार. मला गाडी येते. सुट्टीत भाड्याने घेतलेली ही गाडी मला येत नव्हती, आणि ती मला कुणी दाखवलीही नव्हती.

यंदा गणपतीला मी आणि माझी दहा वर्षांची लेक अशा दोघीच गावी गेलो. नवऱ्याला रजा मिळाली नाही. आमचं घर गुहागर तालुक्यात, पालशेतच्या पुढे. चतुर्थीच्या आठवड्यात मुंबईहून ड्रायव्हरसकट गाडी मिळणं कठीण. शिवाय आईला चिपळूणला डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि दापोलीच्या आत्याला वाटेत घ्यायचं होतं. म्हणून स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतली. पांढरी, उंच, डिझेलवर चालणारी आणि मॅन्युअल गिअरची. ऑटोमॅटिक शिल्लकच नव्हत्या. पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं. ही पाटी बघितली की गाडी भाड्याची आहे हे गावातल्या पोरांनाही कळतं.

गाडी ताब्यात द्यायला आलेल्या मुलाने पंधरा मिनिटं दिली. त्यातली बारा मिनिटं त्याने गाडीभोवती फिरून ओरखड्यांचे फोटो काढले आणि माझी सही घेतली. मीटरवर एक पिवळा दिवा पेटलेला होता, घोड्याच्या नालेसारखा आकार आणि आत उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी असल्याची ती खूण आहे हे मला माहीत होतं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो लागलेलाच असतो." डॅशबोर्डच्या खणात गाडीचं पुस्तक नव्हतं. मला तेव्हा राग आला नाही, कारण घरी जायची घाई होती. राग आला तो माणगावला. पंपावर हवा तपासली, तर मागच्या उजव्या चाकात २२च निघाली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं होतं. पावसाळ्यात, ओल्या रस्त्यावर, मागच्या सीटवर मूल असताना मी शंभरेक किलोमीटर तशीच आले होते. एखादा दिवा "लागलेलाच असतो" असं म्हणून गाडी देणं मला आजही मान्य नाही.

अटल सेतूवरून निघालो. तिथे गाड्यांना ताशी १०० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, पण ८०च्या वर काटा गेला की गाडी टुंकन वाजायची आणि मिनिटभराने पुन्हा वाजायची. पहिल्यांदा वाटलं, दार उघडं राहिलं. मग वाटलं, पट्टा. लेकीला तीन वेळा पट्टा काढून लावायला लावला. मस्कतला आमची गाडी १२०ला वाजते, त्यामुळे ८०ला वाजणारं काही असेल हे डोक्यातच आलं नाही. जुलै २०१९पासून भारतात बनणाऱ्या गाड्यांना ही घंटी सक्तीची आहे. ८०च्या वर थांबून थांबून आणि १२०च्या वर सलग. नियम चांगला आहे. पण समुद्रावर पावसात गाडी का ओरडतेय हे शोधत बसणं चांगलं नाही, आणि एका वाक्यात कुणी ते सांगितलं असतं तर भागलं असतं.

त्यानंतर स्टिअरिंगमागच्या दांड्या. आखाती देशांत स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि इंडिकेटरची दांडीही डावीकडे. आपल्याकडे मारुती, टाटा, महिंद्रा आणि जपानी-कोरियन गाड्यांत इंडिकेटर उजवीकडे असतो, कारण डावा हात गिअरवर असतो. युरोपातल्या काही कंपन्या भारतातही तो डावीकडेच ठेवतात. म्हणजे "इंडियात इंडिकेटर उजवीकडे" एवढं लक्षात ठेवूनही भागत नाही, ज्या गाडीत बसलो तिच्यात कुठे आहे ते बघावं लागतं. पळस्प्यापासून वडखळपर्यंत मला वळायचं असलं की वायपर चालू व्हायचे. मागच्याला मी वळणार हे कळायचं नाही, आणि वायपर बंद करताना माझी नजर रस्त्यावरून हटायची. अकरा वर्षांची हाताची सवय एका दिवसात जात नाही. मी मनातल्या मनात "उजवा, उजवा" म्हणत राहिले. कोलाडच्या पुढे हात थोडा सुधारला.

क्लचचं दुःख वेगळं. माणगावच्या बाजारात गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या आणि माझा डावा पाय स्वस्थ बसलेला. मस्कतची माझी गाडी ऑटोमॅटिक, तिच्यात त्याला काही कामच नसतं. ब्रेक दाबला की गाडी हिसका देऊन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. हाफ क्लच कुठे धरतो हे प्रत्येक गाडीचं निराळं असतं. हिचा अगदी वर, पाय जवळजवळ सुटतोय असं वाटेपर्यंत उचलावा लागायचा. चार तासांनी माझी पोटरी दगड झाली होती.

कशेडीच्या बोगद्यात शिरताना मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला. माझ्या मते माझे दिवे चालू होते. पुढचे दिवसाचे दिवे आपोआप पेटलेले, मीटरही उजळलेलं, मग आणखी काय हवं? पण तेवढ्याने मागचे लाल दिवे लागत नाहीत. माझ्या मस्कतच्या गाडीत दिवे अंधार बघून आपले आपण लागतात, इथे दांडीचं टोक स्वतः पिळायचं होतं. जवळजवळ दोन किलोमीटरच्या त्या बोगद्यात मी सुरुवातीला मागून न दिसणारी गाडी चालवत होते. त्या ट्रकवाल्याचे आभार मानायचे राहून गेले.

भरणे नाक्यावरून दापोलीच्या रस्त्याला लागलो आणि पाऊस असा कोसळला की समोरची काच आतून दुधासारखी झाली. मस्कतला उन्हाळ्यात काच बाहेरून धुरकटते, कारण आत एसीने गार आणि बाहेर दमट वाफ. तिथे वायपर मारला की काम होतं. इथे आमच्या तिघींचा... नाही, तेव्हा दोघींचाच, श्वास आणि भिजलेल्या छत्र्या काचेवर जमत होत्या. मी पुन्हा पुन्हा वायपर मारत होते आणि काही होत नव्हतं. अशा वेळी हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करायचं, एसी चालू ठेवायचा आणि वारा समोरच्या काचेवर सोडायचा. ठाऊक होतं, पण बटण कुठलं? वाकड्या काचेचं चित्र ते समोरचं, चौकोनी चित्र ते मागचं. मी दोनदा चौकोनी दाबलं. शेवटी एका बंद टपरीशी थांबले, आतला दिवा लावला आणि प्रत्येक बटण वाचून काढलं. पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं मुंबईत द्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी आत्या पुढे बसली, मांडीवर केवड्याची पिशवी, आणि आम्ही दाभोळला निघालो. वाशिष्ठीच्या खाडीवरून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलं की चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. गणपतीची गर्दी होती, जेटीवर रांग लागलेली. बोट टेकली, माणसं उतरली, आणि खलाशाने मला खूण केली की गाडी उलटी घ्या, रिव्हर्समध्ये चढवा. उतार ओला, शेवाळी. खाली बोटीची लोखंडी फळी पाण्याबरोबर वरखाली होत होती.

मी गाडी शिकले होते चिपळूणला, ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या मारुतीवर. तिच्यात रिव्हर्स पाचव्याच्या खाली, उजवीकडे. हात आपोआप तिकडे गेला. गिअर पडला, क्लच सोडला आणि गाडी थरथरून बंद. तो रिव्हर्स नव्हता, सहावा होता. गिअरच्या डोक्यावर नकाशा छापलेला असतो, पण इतक्या हातांनी ते डोकं घासलं होतं की आकडे पुसून गुळगुळीत झाले होते, नुसता एका रेघेचा तुकडा उरला होता. दुसरा प्रयत्न डावीकडे पुढे. गाडी पुढे सरकली, समोर दुचाकीवर एक बाई मूल घेऊन बसलेली. मी ब्रेकवर उभी राहिले. ती बाई माझ्याकडे बघत होती, तो चेहरा मी विसरणार नाही. त्यात भर म्हणजे मागचा सेन्सर वाजत नव्हता, कारण गाडी रिव्हर्समध्ये गेलेलीच नव्हती. हेही मला नंतर कळलं.

"अगो, घाई करू नको. बोट काय पळत नाही," आत्या म्हणाली. तिचा हात माझ्या मनगटावर होता.

खलाशी खिडकीशी आला, वीस-बावीसचा पोरगा, अंगावर मेणकापड. "ताई, रिंग वर घ्या. गिअरखाली बोटं घाला, दांड्याला रिंग आहे." मी गिअरच्या डोक्याखाली बोटं घातली. दांड्याच्या चामड्याच्या पिशवीच्या वर एक प्लॅस्टिकची कडी होती, दोन बोटांत धरून वर ओढायची. ती ओढून धरली तरच दांडा पहिल्याच्याही डावीकडे जातो आणि मग पुढे. कडी न ओढता तीच हालचाल केली तर पहिला पडतो. चालत्या गाडीत चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि सोय चांगली आहे. पण ती डोळ्यांना दिसत नाही. बोटांना सांगावी लागते.

तो पोरगा मागे उभा राहून हात दाखवत राहिला आणि मी बोटीवर चढले. हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्यात ठेवली, इंजिन बंद केलं. पलीकडे पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते. आत्याने पिशवीतून आल्याची वडी काढून दिली.

गावी पोचल्यावर वेगळाच प्रकार. वाडीतला रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या भिंती, आणि माझी गाडी सारखी डाव्या गडग्याकडे ओढली जायची. डावा आरसा एकदा दगडाला लागून मिटला. माझ्या चुलतभावाला, आम्ही त्याला दादा म्हणतो, कारण लगेच कळलं. तो टेम्पो चालवतो. म्हणाला, "तू तिकडे डावीकडे बसतेस ना? म्हणून इथेपण तुझं अंग लेनच्या डाव्या अंगाला ठेवायला बघतेस. पण इथे तू उजवीकडे बसलीयस, म्हणजे सगळी गाडी तुझ्या डावीकडे पसरलेली. ती गटारात जाणारच." अकरा वर्षांत हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. उपायही सांगितला: स्वतःला रस्त्याच्या मधल्या रेघेजवळ ठेवायचं. वाडीत रेघ नसते, म्हणून नजर डाव्या गडग्याच्या पायथ्यावर.

संध्याकाळी तो मला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, घेऊन गेला. भाद्रपदात सडा बघण्यासारखा असतो. कातळावर पाण्याची डबकी, सीतेची आसवं म्हणतात त्या फुलांचा जांभळा गालिचा, आणि लांबवर एकही गाडी नाही. इंजिन बंद ठेवून त्याने मला डोळे मिटायला सांगितले. "इंडिकेटर. वायपर. मोठा लाईट. समोरची काच. हॉर्न. रिव्हर्स." मी चाचपडत एकेक शोधत होते. पहिल्या फेरीत निम्म्या चुकल्या. चौथ्या फेरीत एकही नाही. मागे बसलेल्या लेकीने पाचवी फेरी घेतली आणि तीही बरोबर आली. सगळं मिळून वीस मिनिटं. मग त्याने गाडी चालू करायला लावली आणि त्या मोकळ्या कातळावर दहा-बारा वेळा पुढे-मागे घ्यायला लावली. तिथून खाली उतरताना पहिल्यांदा मी रस्ता बघत होते, गाडी नाही.

आखातातून, अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तुमच्याकडे दादा नसेल तरी ही वीस मिनिटं जिथे गाडी घ्याल तिथेच, इंजिन बंद ठेवून काढा. डिझेल की पेट्रोल ते विचारा. झाकण कुठल्या बाजूला आहे ते इंधनाच्या काट्याशेजारचा छोटा बाण सांगतो, हे माझ्या लेकीने शोधलं. झाकण उघडायची कळ मात्र तिलाही सापडली नाही. शृंगारतळीच्या पंपावर मी जी ओढली त्याने बॉनेट उघडलं. पंपावरच्या मुलाने ते दाबून नीट बसवलं. अर्धवट अडकलेलं बॉनेट घाटात वाऱ्याने उघडलं तर काय होईल, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

गौरी-विसर्जनानंतर गाडी परत केली. पुन्हा ओरखड्यांची मोजणी झाली, पुन्हा फोटो. मी त्या मुलाला म्हटलं, पुढच्या माणसाला निदान रिव्हर्स दाखव. तो म्हणाला, "मॅडम, वेळ नसतो." खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात आणखी चार किल्ल्या होत्या.

पुढचं कुटुंब बाजूलाच थांबलं होतं. नवरा, बायको, दोन पोरं, देवगडला निघालेले. सही झाल्यावर नवरा चालवायला बसला. मी खिडकीशी गेले आणि दोन मिनिटं मागितली. तो म्हणाला, "गाडी येते हो मला." मी म्हटलं, "मलाही येते. एकदा रिव्हर्स टाकून बघा." त्याने क्लच दाबून दांडा डावीकडे नेला आणि पुढे ढकलला. मागचा दिवा लागला नाही. त्याने खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"दांड्याला बोटं लावा," मी म्हटलं. "रिंग आहे. ती वर ओढा."