खासबागेमागची खानावळ

कोल्हापूरला मी पहिल्यांदा गेलो तो २००८ साली, आणि तेही नोकरीच्या कामासाठी. एका बँकेच्या शाखेचे लेखापरीक्षण होते, मुक्काम सोळा दिवसांचा होता आणि लक्ष्मीपुरीतल्या लॉजवर चहापलीकडे काही मिळत नसे. पहिले दोन दिवस मी स्टँडजवळच्या हॉटेलांत जेवलो. तिसऱ्या दिवशी शाखेतले शिपाईमामा माझा उतरलेला चेहरा पाहून म्हणाले, "सायेब, असलं तेलकट खाऊन आजारी पडशीला. चला माझ्यासंगं." मिरजकर तिकटीवरून त्यांनी मला खासबाग मैदानामागच्या एका गल्लीत नेले आणि एका राहत्या घराच्या सोप्यात बसवले.

त्या सोप्यात सहा टेबले होती. दारावर पाटी नव्हती. काका वाढायला असत आणि काकी आतल्या चुलीपाशी. काकांचे दोन्ही कान जुन्या पैलवानांचे असतात तसे चुरगळलेले होते आणि गिऱ्हाइकांत निम्मी तालमीतली पोरे असत. मटणाचे ताट सत्तर रुपयांना मिळे : सुक्के मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, दही-कांदा, ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि शेवटी मूठभर भात. दुपारी दोनच्या सुमारास काका दारातूनच "संपलं बघा, उद्या या" असे सांगू लागत आणि आलेला माणूस मुकाट्याने परत जाई. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी चूलच पेटत नसे. माझ्या सोळा दिवसांतले मटणाचे जे वार हाती लागले, त्यांतला एकही मी चुकवला नाही.

कोल्हापूरबाहेर नाव होते ते तांबड्या रश्श्याचे, पण त्या घरात मला वेड लावले ते पांढऱ्याने. मटण आले-लसूण आणि मीठ लावून शिजवायचे, शिजताना सुटणारे पाणी, म्हणजे अळणी, वेगळे काढायचे आणि त्यात खसखस, तीळ, काजू, खोबऱ्याचे दूध असे पांढरे वाटण घालून वर दालचिनी, लवंग, मिरीचा खडा मसाला फोडणीला द्यायचा, एवढीच त्याची कृती. हळद नाही, चटणी नाही. तांबड्यात कांदा-लसूण चटणीचा कट इतका दणकट असतो की खालचे पाणी थोडे पातळ असले तरी तो निभावून नेतो. पांढऱ्याला तशी सोय नाही. त्यात अळणी उतरलेली नसेल तर उरते ते केवळ गरम मसाल्याचे दूध. काकींचा पांढरा वाटीत जरा निवला की वर तुपासारखी पातळ साय धरे आणि पिऊन झाल्यावर बोटे एकमेकांना चिकटत. ते चिकटणे हाडांतून आलेले असे. "वाटी तोंडाला लावा, चमच्यानं काय पिताय," असे काकींनी मला पहिल्याच दिवशी आतून ऐकवले होते.

त्यानंतर सतरा वर्षे कोल्हापूरला जाणे झाले नाही. या काळात मी त्या खानावळीचे वर्णन मात्र इतक्या लोकांना इतक्या वेळा केले की सौभाग्यवतींना ते पाठ झाले. अखेर २०२५ च्या जानेवारीअखेर, अंबाबाईच्या किरणोत्सवाचे निमित्त साधून आम्ही दोघे महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो आणि शुक्रवारी, ३१ तारखेला सकाळी कोल्हापुरात उतरलो. मावळतीची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरून पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना स्पर्श करतात आणि पुढच्या दिवसांत वर चढत जातात, असा हा सोहळा. आम्ही शुक्रवारी आणि शनिवारी गर्दीत उभे राहिलो आणि जे दिसले ते बहुतेक पडद्यावर दिसले. सौभाग्यवती शनिवार पाळतात, त्यामुळे खानावळ रविवारवर गेली. रविवार हा कोल्हापुरात मटणाचाच वार असल्याने मला त्याचे वाईट वाटले नाही.

रविवारी साडेबाराला आम्ही बिंदू चौकातून चालत निघालो. रस्ता मला विचारावा लागला नाही. खासबाग मैदान तसेच होते. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेले, वाटीसारख्या खोलगट आकाराचे हे मैदान असे आहे की कुठेही बसले तरी मधला आखाडा नजरेत राहतो. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह मात्र पाहवले नाही. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ही वास्तू ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत जळाली. २००८ मध्ये त्या सोळा दिवसांतली एक संध्याकाळ मी तिथे नाटक पाहत घालवली होती. सौभाग्यवतींना ते सांगत आम्ही पुढे गेलो आणि गल्लीच्या तोंडाशीच मला गर्दी दिसली.

ती गर्दी खानावळीचीच होती. सोप्याची भिंत काढून शेजारचे घर आत घेतलेले होते, दारावर प्रकाशित पाटी होती आणि त्या पाटीवर 'रस्सा अनलिमिटेड' ही अक्षरे खानावळीच्या नावाहून मोठी होती. रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या उभ्या होत्या. एका मुलाने आमचे नाव वहीत लिहून घेतले आणि पस्तीस मिनिटांनी ते माइकवरून पुकारले. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. सहा टेबलांची वीस टेबले होणे हा कष्टाच्या धंद्याला मिळालेला न्याय आहे, असेच मी सौभाग्यवतींना म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

ताट तीनशे ऐंशीचे होते. ते इतक्या चटकन आले की ते आधीच भरून ठेवलेले असावे. तांबडा लालभडक होता, कट भरपूर होता. मी सवयीने आधी पांढऱ्याची वाटी उचलली आणि तोंडाला लावली.

पहिल्या घोटाला वेलदोडा लागला, दुसऱ्याला काजू आणि तिसऱ्याला पुन्हा वेलदोडा. मटण कुठेच लागले नाही. रस्सा दाट होता, पण तो दाटपणा पिठाचा होता. वाटी बाजूला ठेवली आणि पाच मिनिटांनी पाहिले, तर वरती पाण्याचा पातळ थर सुटलेला होता आणि खाली गोळीबंद पांढरे बसले होते. बोटाने ढवळून मी दोन बोटे एकमेकांवर दाबून पाहिली. ती सहज सुटली. सौभाग्यवतींनी माझा हा प्रयोग पाहिला आणि काही न बोलता स्वतःची वाटी ताटाच्या कडेला सरकवली. सुक्के मटण कुकरमध्ये वेगळे शिजवून मग मसाल्यात परतलेले होते. मऊ होते, पण मसाला वरवरच राहिला होता. वाढणारा मुलगा बादली घेऊन तिसऱ्यांदा आला आणि "सर, पांढरा देऊ का अजून?" असे त्याने अदबीने विचारले, तेव्हा हवा तेवढा रस्सा मिळत असूनही मला तो नको होता.

सतरा वर्षांत जीभही म्हातारी होते, हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. मी पित्ताच्या गोळ्या घेतो आणि आठवणीतल्या चवीला फोडणी देत राहण्याची खोड मला आहेच. पण मग भाकरी आली. आतून, काचेच्या दारापलीकडून, थापण्याचा तो जुना थपथप आवाज ऐकू येत होता. भाकरी पातळ, टम्म फुगलेली, कडेला किंचित करपलेली आणि ज्वारीच्या गोडसर वासाची होती. २००८ ची भाकरी आणि ही भाकरी यांत मला तसूभर फरक सापडला नाही. त्यामुळे दोष जिभेचा नाही, याबद्दल माझी खात्री पटली.

लॉजवर परतून पडल्या पडल्या मी हिशेब मांडला. किलोभर मटणातून अळणी किती निघणार याला मर्यादा आहे. काका दुपारी दोनला दार लावत, कारण त्या दिवशीच्या मटणाचे पाणी तेवढ्यात संपलेले असे. 'अनलिमिटेड' हा शब्द पाटीवर चढला की रस्सा मटणापासून सुटतो. ताटे वाढतात त्या प्रमाणात बकरे वाढत नाही, वाढते ते वाटण, पाणी आणि दाटपणासाठी घातलेले जे काही असेल ते. मटणाचे दरही इथे साधा विषय नाही. २०१९ च्या अखेरीस दरवाढीविरुद्ध याच शहराने रीतसर आंदोलन केले होते. अशा वेळी खानावळवाल्याने ताटाची किंमत वाढवावी, ताटे कमी करावीत की रस्सा पातळ करावा, हा निर्णय त्याचा आहे. माझे म्हणणे एवढेच की त्याने दोन वाजता दार लावले असते तर मी उपाशी परतलो असतो आणि तरीही आनंदात असतो. गाड्या घेऊन येणाऱ्या लोकांवर राग काढण्याचाही मला अधिकार नाही. गेली सतरा वर्षे मीच कितीतरी जणांना हा पत्ता दिला आहे, आणि त्यांच्यापैकी कुणालाही दोन वाजता 'संपलं' हे ऐकून घ्यायची सवय नव्हती.

त्याआधी, खानावळीतून निघताना, गल्ल्यावर तिशीतला एक मुलगा बसला होता. कान धड होते, पण कपाळ आणि भुवया हुबेहूब काकांच्या. त्याच्यामागे भिंतीवर काकांचा हार घातलेला फोटो होता. त्यात ते फेटा बांधून खांद्यावर गदा घेऊन उभे होते. पैसे घेताना त्याने "जेवण कसं वाटलं, काका?" असे विचारले. मी "छान" म्हणालो. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. "आई आहेत का?" असे मी विचारल्यावर त्याने काचेच्या दाराकडे मान वळवली आणि म्हणाला, "हायत की. रस्सा आता आचारी बघतोय, पर भाकरी आईचीच. दुसऱ्या कुणाला करू देत न्हाई."

मी आत गेलो नाही. त्याला चार भाकऱ्या बांधून द्यायला सांगितले. सुट्या भाकऱ्या विकत नाही म्हणाला, मग आत डोकावून आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भाकऱ्या हातात दिल्या. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी लक्ष्मीपुरीतून डंकावर कुटलेली पावशेर कांदा-लसूण चटणी घेतली. रात्री गाडी मिरजेला थांबली असताना सौभाग्यवतींनी तो कागद उलगडला. भाकऱ्या गार झाल्या होत्या तरी मऊ होत्या. चटणीवर थोडे कच्चे तेल ओतून आम्ही दोघांनी दोन-दोन खाल्ल्या. समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी वासाने उठून भाकरी कुठली, असे विचारले. मी म्हणालो, "घरची आहे."